मदत हवी आहे: हुजूर पक्षाची सुरुवात नेमकी कधीपासून मानावी?

नमस्कार. ब्रिटनच्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या आरंभाविषयी टिपण लिहीत आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस उदयाला आलेल्या टोरी गटापासून हा पक्ष सलग चालत आला, असे काही जण मानतात. पण याच परंपरेत गणला जाणारा, अठराव्या शतकाच्या अखेरचा पंतप्रधान धाकटा विल्यम पिट स्वतःला टोरी म्हणवत नसे, हे पाहता ती सलगता मला नंतर जोडलेल्या वंशावळीसारखी वाटते. मताधिकार वाढवणारा 1832चा सुधारणा कायदा, त्याच वर्षी स्थापन झालेला, पक्षाचे केंद्र बनलेला कार्लटन क्लब आणि 1834चा पक्षनेते रॉबर्ट पील यांचा, सुधारणा कायदा मान्य करणारा टॅमवर्थ जाहीरनामा यांपासून आरंभ मानणे मला अधिक पटते.

खरी अडचण पील यांच्याविषयी आहे. इतिहासकार नॉर्मन गॅश यांनी त्यांना आधुनिक पक्षाचे शिल्पकार ठरवले, तर इतिहासकार बॉइड हिल्टन यांना ते खुल्या व्यापाराच्या आर्थिक तत्त्वांशी घट्ट बांधलेले, व्यवहारी म्हणण्यापेक्षा तत्त्वाग्रही वाटतात. शिवाय 1841च्या निवडणुकीतील पक्षाचा विजय प्रामुख्याने ग्रामीण मतदारसंघांतून, म्हणजे धान्य कायदे (आयात धान्यावर कर लावणारे कायदे) आणि अँग्लिकन चर्च यांचे रक्षण व्हावे अशी अपेक्षा असलेल्या मतदारांकडून मिळाला असेल, तर त्याचे श्रेय जाहीरनाम्याला कितपत द्यावे? 1846मध्ये धान्य कायदे रद्द करताना पक्षाचे बहुसंख्य खासदार पील यांच्याविरुद्ध गेले, हेही या संदर्भात दुर्लक्षिता येत नाही.

मतदारसंघांतील स्थानिक संघटना आणि मतदार नोंदणी यांच्या अंगाने या काळाचा अभ्यास कोणी केला असल्यास, तसेच या विषयावर मराठीत गंभीर लेखन उपलब्ध असल्यास, कृपया कळवावे.