प्रति: आजऱ्यातला तांदूळ महोत्सव

महोत्सवाच्या चर्चेत एकांनी म्हटलंय की सुगी संपली रे संपली की घनसाळचा, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजऱ्याच्या सुवासिक तांदळाचा, महोत्सव उरकून घ्यावा. नको हो! नवा तांदूळ भाताला चिकट होतो. जरा मुरू द्या, नाहीतर चाखायला तरी गेल्या सालचा जुना शिजवा.

आजरा घनसाळला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय, त्या भागाचीच खासियत असल्याची नोंद) मिळालं. पण कागदावर मानांकन असलं तरी बाजारात 'आजरा' म्हणून दुसराच आखूड दाणा गळ्यात मारणारे आहेतच. शेतकऱ्याला संकरित वाणाच्या मानानं उतारा कमी पडतो, तेव्हा भावही तसाच हवा. म्हणून पोती मांडून बसण्यापेक्षा चुलीवर भात टाका. झाकण काढल्यावर जो घमघमाट सुटतो ना, त्यानं गिऱ्हाईक आपोआप वळतं. मऊ भात, वर साजूक तूप, हवं तर पांढरा रस्सा. (तांबडा रस्सा मला विचाराल तर नको, वास सगळा मसाल्यात जातो. कोल्हापूरकरांनी मारायला धावू नये.)

आणि मंच्युरियनच्या गाड्या मैदानाबाहेर ठेवा. गेटाशीच सोया सॉसचा वास आला तर घनसाळचा वास कोणाला येणार?