अनुभव धागा : येशूला कुणी मारलं, हे तुम्ही मुलांना कसं शिकवता?

उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) जवळ आलाय. येशूच्या दुःखसहनाचा, म्हणजे अटकेपासून क्रुसावरच्या मरणापर्यंतचा, वृत्तांत ऐकून 'ज्यूंनी येशूला मारलं' एवढंच घेऊन पोरं घरी जाऊ नयेत म्हणून तुम्ही काय करता? ऐकीव नको, स्वतःचं लिहा.

वसई, धर्मशिक्षण वर्ग
मी पिलातापासूनच सुरू करते. क्रूस ही रोमन शिक्षा, हुकूम रोमन सुभेदार पिलाताचा. मग फळ्यावर नावं लिहिते : मरिया, पेत्र, योहान, पौल, येशू. यांतले ज्यू कोण? सगळेच, म्हटलं की गलका होतो. "येशूपण?" हा प्रश्न दरवर्षी येतोच.
आणखी एक. 'त्याला क्रुसावर खिळा' हे त्या दिवशी चर्चमध्ये आपणच सगळे म्हणतो. तिथे बोट स्वतःकडे आहे, हे वाचनाआधीच सांगते. २८ ऑक्टोबर १९६५ला कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात स्पष्ट केलं की येशूच्या मरणाचा दोष तेव्हाच्या सरसकट सगळ्या ज्यूंवर टाकता येत नाही, आजच्यांवर तर नाहीच. आमच्या कित्येक जाणत्यांना अजून याचा पत्ता नाही!

पुणे
प्रवचनात 'परूशी' (येशूच्या काळचा एक ज्यू धर्मपंथ) हा शब्द शिवीसारखा वापरतात, त्याची मला चीड आहे. राजा हेरोद जिवावर उठलाय, निघून जा, असं येशूला सांगायला आले ते परूशीच (लूक १३). प्रेषितांची बाजू घेणारा गमलियेलही परूशीच. बायबल अभ्यासात मी आधी हे दोन उतारे घेतो, कडक शब्दांचे नंतर.

म्युनिक
२०२२मध्ये इथल्या बव्हेरियातल्या ओबरआमरगाउ गावचं येशूच्या दुःखसहनाचं नाटक पाहिलं. १९३४ला हिटलर हेच बघायला आला होता. 'त्याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलांवर' हे ज्यू जमावाच्या तोंडचं वाक्य २०००पासून काढलंय. आता रंगमंचावर 'श्मा इस्राएल' ही ज्यूंची प्रार्थना गातात. गावकऱ्यांनी हे सुखासुखी केलं नाही, बाहेरून वर्षानुवर्षं टीका झाली तेव्हा.

ठाणे, बेने इस्रायल (कोकणातले मराठी ज्यू)
शाळेत एकाने मला विचारलं होतं, "तुम्हीच मारलंत ना त्याला?" भांडायला नव्हे, सहज. आमचे वाडवडील कोकणात घाणा चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली', त्यांचा काय संबंध! पण हे उत्तर अपुरंच. येरुशलेमला असते, तरी दोष कसा लागला असता?
मध्यंतरी एक फादर त्यांचा वर्ग आमच्या सिनेगॉगमध्ये घेऊन आले. तोरा (आमचा धर्मग्रंथ) वाचतात ती जागा मी दाखवली. फादरांनी तिथेच लूकचा चौथा अध्याय काढला : नासरेथच्या सभास्थानात येशू उभा राहून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचतो.