मदत हवी आहे: शौचालयाची टाकी भरलीय, गाडी गल्लीत येत नाही

नमस्कार मंडळी. उद्या सकाळी नऊला वस्तीच्या समितीची बैठक आहे, म्हणून घाईत लिहितेय.

आम्ही मुंबईच्या पूर्व उपनगरात, रुळांच्या कडेला राहतो. १८० घरं, त्यांत एकच सार्वजनिक शौचालय. मलवाहिनी इथपर्यंत आलेली नाही, सगळं खालच्या सेप्टिक टाकीत जातं. टाकी भरून मागच्या गटारात वाहतेय आणि बायकांच्या आठपैकी पाच संडासांना कुलूप लागलंय. स्वच्छ भारत अभियानाचा निकष २५ बायकांमागे एक सीट. आमच्याकडे चारशेच्या आसपास बायका-मुली आणि तीन सीट. सासूबाई संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. दिवस भरलेली शेजारीण पहाटे चारला बादली घेऊन रांगेत असते.

उपसा करणारी गाडी नाक्यावरच थांबते. गल्ली चार फुटांची, टाकी तिथून दोनशे पावलं आत. पाइप पुरणार नाही म्हणून गाडीवाला परत गेला. मग समितीतल्या एकाने टाकीत उतरून साफ करणारा मुलगा शोधून आणला. जेमतेम विशीतला. मी नाही म्हटलं. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, पण मला खरी भीती आतल्या वायूची वाटते. आत गेलेला कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेलाही. यावर "मग तूच मार्ग सांग" असं सगळे म्हणाले. तोच शोधतेय.

अशा अरुंद गल्लीत कुणी मशीनने टाकी उपसून घेतलीय का? जोडपाइप लावून, किंवा मध्ये पंप ठेवून? खर्च किती आला?

दुसरं, हे शौचालय नेमकं कुणाचं? ज्यांनी बांधलं ते म्हणतात, आमचं काम संपलं. दुसरं ऑफिस म्हणतं, आमच्या ताब्यात दिलंच नाही. महापालिकेच्या झोपडपट्टी स्वच्छता कार्यक्रमात वस्तीच्या संस्थेशी करार होतो आणि घरटी मासिक पासातून देखभाल चालते, एवढं मला माहीत आहे. आमच्याकडेही पास आहेत, पैसे दर महिन्याला जमतात, पण करारनामा कुणी पाहिलेला नाही. माहिती अधिकारात त्याची प्रत मागायची तर अर्जात काय लिहायचं? कुणाकडे नमुना असेल तर कृपया द्या. अर्ज केला तरी उत्तराला ३० दिवस, आणि टाकी आज वाहतेय.

म्हणून गाडीचा अनुभव असेल तर तो आधी सांगा. रात्री उशिरा लिहिलंत तरी चालेल, मी जागी आहे.