मदत हवी आहे: जपानी घरी जेवताना चमचा मागितला तर चालेल का?

नमस्कार मंडळी,
लेक नागोयाला नोकरीला आहे, दिवाळीनंतर आम्ही दोघं जातोय. तिच्या घरमालकीणबाईंनी जेवायला बोलावलंय, म्हणून चॉपस्टिक्सचा सराव चाललाय. खालची काडी अंगठ्याच्या बेचक्यात नि अनामिकेवर स्थिर, हलवायची फक्त वरची, एवढं जमलं. शेंगदाणा उचलते. पण टोफू? दाबला की तुटतो, सैल धरला की सटकतो! त्यात माझ्या काड्या चिनी, लांब नि बोथट. जपानी आखूड, टोकाला निमुळत्या. हात पुन्हा बसवावा लागेल का?

भातात काड्या उभ्या खोचायच्या नाहीत (मृतासाठी ठेवलेल्या भातात तशा खोचतात) आणि काडीतून काडीत घास द्यायचा नाही, दहनानंतर अस्थी तशा देतात, हे लेकीने बजावलंय.

खरी अडचण ह्यांची. संधिवातामुळे बोटं मिटत नाहीत. ह्यांचा युक्तिवाद तयार: चीनमध्ये ३,००० वर्षांपूर्वीच्या कांस्याच्या काड्या सापडल्यात, पण त्या बहुधा स्वयंपाकाच्या, धान्य तर लोक कित्येक शतकं चमच्यानेच खात. हे त्या बाईंना कोण सांगणार? चमचा मागितला तर वाईट दिसेल का? की चिमट्यासारख्या जोडलेल्या काड्या न्याव्यात? तिथे राहिलेल्यांनी कृपया सांगा.