थेट साहेबालाच मॅनेजरच्या जागेसाठी विचारू का?

ठाणेकर_०७: भिवंडीच्या गोडाऊनमध्ये ९ वर्षं सुपरवायझर आहे, शिफ्ट लावण्यापासून स्टॉक टॅलीपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. मरोळच्या एका कंपनीत वेअरहाऊस मॅनेजर हवाय असं ट्रान्सपोर्टवाल्याकडून कळलं, जाहिरात कुठेच नाहीये. सरळ जाऊन भेटलो तर आगाऊपणा वाटेल का?

लोकलवाला: आगाऊपणा कसला, पण गेटवरचा वॉचमनच आत सोडणार नाही हे धरून चल. एचआरच्या नादी न लागता ऑपरेशन्स हेडचं नाव लिंक्डइनवर शोध आणि ४-५ ओळींचा मेल टाक, किती माणसं सांभाळतोस, दिवसाला किती गाड्या लोड होतात, स्टॉकमधला फरक किती कमी केलास, आकडे लिही. वडिलांचं नाव, छंद वगैरे बायोडेटा लग्नासाठी ठेव 😄

दादरची_ताई: ऑफिसच्या मेलवरून पाठवू नकोस हां! आमच्याकडे एकाने पाठवला, संध्याकाळपर्यंत साहेबाला कळलं होतं. आणि नोटीस पिरियड आधीच सांग, ९० दिवस असेल तर तिथेच गाडी अडते.

ठाणेकर_०७: ६० आहे ताई. मंगळवारी वीकली ऑफ, तेव्हाच टाकतो. आठवडाभर रिप्लाय नाही आला तर फोन करू ना?

लोकलवाला: कर, पण सकाळी ११ नंतर. त्याआधी सगळे डिस्पॅचमध्ये असतात, तुला काय सांगायचं.