समलिंगी प्रेमपटांत मित्रमंडळींना इतकी जागा का दिली जाते?

प्रश्न

समलिंगी प्रेमावरचे, स्वतंत्र निर्मितीचे हलकेफुलके प्रेमपट मी सध्या आवडीने पाहत आहे. त्यांत जोडी जमण्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक वेळ मित्रमंडळींना दिलेला आढळतो. ‘द ब्रोकन हार्ट्स क्लब’ (२०००) पाहताना तर कोणाचे कोणाशी जुळते यापेक्षा तो घोळका एकत्र टिकतो की नाही, याचीच काळजी मला लागून राहिली. हे मला मनापासून भावते. परंतु त्यामुळे प्रेमकथेची पकड सैल होते का? जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद १

मला तसे वाटत नाही. नेहमीच्या प्रेमपटात आडवे येणे आणि अखेरीस पाठीशी उभे राहणे, ही दोन्ही कामे घरची माणसे करतात. इथल्या अनेक पात्रांना घरी खरे सांगण्याची सोयच नसते, म्हणून ती कामे मित्रांकडे येतात. रोझ ट्रोश यांच्या ‘गो फिश’ (१९९४) या कृष्णधवल चित्रपटात मॅक्स आणि ईली या दोन तरुणींचे जुळावे म्हणून मैत्रिणी खटपट करतात. डोक्याला डोके लावून आडव्या पडलेल्या त्या मैत्रिणी कॅमेरा वरून टिपतो आणि त्या दोघींच्या प्रत्येक पावलाची चर्चा आपल्या कानी पडते. त्याच चित्रपटात आईशी बिनसल्यावर एव्ही घर सोडून येते, ती याच मैत्रिणींकडे. हा भाग काढून टाकला, तर मॅक्स आणि ईलीच्या प्रेमाला उभे राहायला जमीनच उरणार नाही.

प्रतिसाद २

वरील मत बहुतांशी पटले, तरी एक तक्रार आहे. मोठ्या स्टुडिओंच्या प्रेमपटांत समलिंगी मित्र नायिकेला सल्ले देण्यापुरता असे आणि त्याच्या स्वतःच्या प्रेमाची कोणी विचारपूस करीत नसे. स्वतंत्र चित्रपटांनी त्याला नायक केले खरे, पण तोच अन्याय पुष्कळदा नायकाच्या मैत्रिणीवर केला. ‘ट्रिक’ (१९९९) मध्ये गॅब्रिएल आणि मार्क न्यूयॉर्कमध्ये रात्रभर एकांताची जागा शोधत फिरतात. कधी गॅब्रिएलच्या खोलीत राहणारा सोबती आडवा येतो, तर कधी त्याची मैत्रीण कॅथरीन. अभिनेत्री होऊ पाहणारी कॅथरीन अखंड बोलत राहते आणि हसू तिच्यावरच बेतलेले असते, हे मला खटकते. मात्र पटकथेची खरी हुशारीही याच अडथळ्यांत आहे. जागा लगेच मिळाली असती, तर ते दोघे सकाळी अनोळखीच राहिले असते. जागा मिळत नाही, म्हणून त्यांना एकमेकांशी बोलावे लागते, रुसावे लागते, समजूत काढावी लागते. तेव्हा मित्रांमुळे पकड सैल होते असे नाही, उलट प्रेमाला लागणारा वेळ तेच मिळवून देतात.

प्रतिसाद ३

आंग ली यांचा ‘द वेडिंग बँक्वेट’ (१९९३) आवर्जून पाहावा. वाय-तुंग आणि सायमन यांचे नाते वाय-तुंगच्या आईवडिलांपासून दडवण्यासाठी त्याच्या वे-वे या भाडेकरू मुलीशी लग्नाचा देखावा केला जातो, आणि तिलाही त्यातून अमेरिकेत राहण्याचा परवाना हवा असतो. सोयीसाठी जुळलेल्या या तिघांना पुढे एकमेकांची जबाबदारी घ्यावी लागते. वडील मात्र सारे ओळखून असतात आणि पत्नीला व मुलाला न सांगता सायमनच्या हाती लाल पाकीट, म्हणजे चिनी रीतीने द्यायची पैशांची भेट, ठेवतात. घरच्या माणसांची कामे मित्रांकडे येतात, हा पहिल्या प्रतिसादातील मुद्दा या चित्रपटापुरता तरी मला अपुरा वाटतो.