हुरडा पार्टी: गच्चीवर की मागच्या अंगणात?

बी-४०२ ताई: नमस्कार मंडळी, सोलापूरची गड्डा यात्रा उरकली की पुढच्या रविवारी संध्याकाळी आपल्या बिल्डिंगचीच हुरडा पार्टी करूया का? शेतावरच्या पॅकेजला माणशी पैसे भरायचे आणि तिथं पण प्लेट घेऊन लायनीतच उभारायचं, त्यात काय मजा ओ. माझं म्हणणं एवढंच की आलेल्या प्रत्येकाच्या हाताला काम पाहिजे, कुणी कणीस भाजतंय कुणी चोळतंय कुणी उखळात शेंगाचटणी कुटतंय, मग पोरं मोबाइल मागत नाहीत आणि नवीन राहायला आलेल्यांची पण आपोआप ओळख होते. केटरर, डीजे, रिटर्न गिफ्ट काहीच नको.

ए-१०१ काका: झकास! पण बाजारातला सोललेला हुरडा नको हं, कणसंच पाहिजेत.

सी-२०३ दादा: कणसं माझ्याकडं लागली. आमच्या रानात मालदांडी ज्वारी आहे, मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालंय, पण ती भाकरीला एक नंबर, हुरड्याला गुळभेंडी नाहीतर फुले मधुर जात पाहिजे, दाणा गोड असतो आणि चोळला की लगेच सुटतो. शेजारच्या रानात थोडी गुळभेंडी आहे. रविवारी सकाळी तोडून ओल्या पोत्यात गुंडाळून आणतो, त्याच दिवशी संपवायची, दुसऱ्या दिवशी दाण्याला गोडी राहत नाही.

सेक्रेटरी: गच्चीवर आगटी पेटवायला परवानगी नाही. वॉटरप्रूफिंग आत्ताच केलंय.

बी-१०३ दादा: मग पार्किंगमध्ये?

सेक्रेटरी: अजिबात नाही, गाड्यांत पेट्रोल असतंय.

ए-१०१ काका: अरे मागं बोअरजवळ मोकळी जागा आहे की. मातीत वीतभर खड्डा काढू, गोवऱ्या तासभर आधी पेटवायच्या, जाळ पूर्ण बसला पाहिजे, नुसता आर म्हणजे निखारे राहिले की कणसं त्यात खुपसायची आणि फिरवत राहायचं. हिरवा रंग जरा काळपट पडला आणि वास सुटला की बाहेर काढून गरम असतानाच तळहातावर चोळायचं, चटका बसतोच पण थंड झालं की दाणा सुटत नाही. मग सुपात पाखडून लगेच पुढं द्यायचा. पोरांना आगटीपासून लांब बसवू, चोळायला कणसं त्यांच्याकडं जरा निवल्यावर जातील. पाण्याच्या दोन बादल्या आणि वाळू शेजारीच ठेवू.

सेक्रेटरी: हे चालेल. दहाच्या आत सगळं आवरायचं आणि निखारे विझवूनच वर जायचं.

ए-३०४ काकू: मी सकिनालु म्हणजे आमची तेलुगू चकली करणार, आमच्यात संक्रांतीला करतातच. तांदळाच्या ओल्या पिठात तीळ, ओवा, मीठ घालायचं आणि कापडावर बोटांनी पीळ देत एकात एक गोल फिरवत जायचं. पोरींना दुपारी चारला घरी पाठवा, शिकवते. पहिली दोन तुटतात, मग हात बसतो. तळायचं काम मोठ्यांचं.

बी-४०२ ताई: काकू हे तर फारच भारी! मला हेच पाहिजे होतं. मी चटणीचा खेळ ठेवते, डोळ्यावर रुमाल बांधायचा आणि शेंगा, कारळं, जवस, लसूण यातली कुठली ते नुसत्या चवीवर ओळखायचं, चुकलं की पुढची दहा मिनिटं पाखडायचं काम त्याचं. उखळ माझ्या सासूबाईंचं आहे, शेंगाचटणी मिक्सरमध्ये फिरवू नका, कुटली तरच तेल सुटून ती ओलसर होते. लाल तिखट बेतानं, पोरं पण खाणार आहेत.

सी-५०१ आजी: बसायला सतरंज्या आणि घरटी एक चादर आणा, रात्री गारठा असतो. सोलापुरात राहून चादरी नाहीत असं कुणी सांगू नका. मी जात्यावरच्या ओव्या म्हणते, ज्यांना येतात त्यांनी सोबत म्हणा. आणि हुरड्यावर ढसाढसा पाणी पिऊ नका, ताक ठेवा.

बी-१०३ दादा: ताक माझ्याकडं. गूळ, दही, शेव कोण आणतंय?

ए-२०२ वहिनी: गूळ आणि दही मी. शेव नवी पेठेतून येताना घेते.

बी-४०२ ताई: मस्त. घरटी १५० रुपये, कणसं आणि गोवऱ्यांचे पैसे यातूनच. किती माणसं येणार ते शुक्रवारपर्यंत याच मेसेजखाली लिहा, लहान मुलं वेगळी लिहा, म्हणजे दादांना कणसं किती तोडायची ते कळेल. आमच्याकडून चार मोठे, दोन लहान.

ए-१०१ काका: आम्ही दोघं. सुपं तीन आहेत, आणतो.

सी-५०१ आजी: मी आणि नातू. कुटायला मुसळ नातवाच्या हातात द्या, ताकद आहे त्याला.